ग्रुप फोटोत कडेची माणसं काळपट का येतात

बाहेर ८५ एमएम लेन्सने एफ १.८ वर (म्हणजे लेन्सचं छिद्र, अ‍ॅपर्चर, मोठं उघडून) झकास पोर्ट्रेट येतात, पण स्टुडिओत आठ जणांचं कुटुंब उभं केलं की मागची रांग धूसर आणि एका कडेची माणसं काळपट, असं का, हे एकाने विचारलंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत. धूसरपणा अ‍ॅपर्चरचा. सरळ एफ ८ ला या, छिद्र लहान झालं की मागची रांगही स्पष्ट येते; कमी झालेल्या उजेडाचं फ्लॅश बघेल.

काळपटपणा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवरची उजेड मऊ करणारी कापडी पेटी) एका बाजूला, जवळ ठेवल्यामुळे. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे दिव्यापासून १ मीटरवरच्या मावशींच्या मानाने २ मीटरवरच्या काकांना फक्त पाव हिस्सा. तोच दिवा मावशींपासून ४ मीटरवर न्या, म्हणजे काका ५ मीटरवर येतील. ४ आणि ५ मीटरमध्ये पाऊण स्टॉपचाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक पडत नाही. पॉवर वाढवावी लागेल, सावल्याही थोड्या कडक होतील, पण ग्रुपला चालतं. चष्मे चमकत असतील तर दिवा उंच करा आणि काड्या कानावरून किंचित उचलायला सांगा.

बाहेर मात्र झाडाखाली जपून. वडाखाली काढलेल्या एका प्री-वेडिंगमध्ये पानांच्या हिरव्या उजेडामुळे नवरी चक्क हिरवी आली होती. तेव्हापासून चेहऱ्यावर पांढरा उजेड परतवायला गाडीत थर्माकोलची पांढरी शीट असतेच.