पाडोवा विद्यापीठ: तोंडी परीक्षा आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे

प्रश्न (एक पालक, शाहूपुरी, कोल्हापूर)
माझ्या मुलीने राजाराम महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली असून इटलीतील पाडोवा विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिची निवड झाली आहे. १२२२ साली स्थापन झालेल्या आणि गॅलिलिओने १५९२ ते १६१० अशी अठरा वर्षे जेथे अध्यापन केले त्या विद्यापीठात ती जाणार, याचा घरात सर्वांना आनंद आहे. मात्र तेथे बहुतांश परीक्षा तोंडी होतात असे समजल्यापासून ती धास्तावली आहे. शिवाय शिष्यवृत्तीसाठी घराच्या क्षेत्रफळाचा दाखला मागतात, तो कशासाठी, हेही कळत नाही.

उत्तर (पाडोवा येथील माजी विद्यार्थी, मूळ गाव कोल्हापूर)
तिची धास्ती मी समजू शकतो, कारण अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून पदवी मिळवलेला मीही पहिल्या तोंडी परीक्षेत फळ्यासमोर खडू हातात घेऊन गप्प उभा राहिलो होतो. मी समीकरण बिनचूक लिहिले होते, प्राध्यापकांनी फक्त त्यातील एका पदावर बोट ठेवून "हे वगळले तर काय होईल?" एवढेच विचारले. गुण तीसपैकी असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी अठरा लागतात. मिळालेले गुण पटले नाहीत तर ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसण्याची मुभा सहसा असते. मी चोवीस नाकारून पुढच्या खेपेस अठ्ठावीस मिळवले. तिने आतापासून रोज एक सिद्धता कोणाला तरी मोठ्याने समजावून सांगावी. ऐकणाऱ्याला भौतिकशास्त्र येत नसेल तर अधिकच उत्तम.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)
या पद्धतीची मुळे मध्ययुगात आहेत. छापील पुस्तके येण्यापूर्वी सर्वांसमक्ष वाद करून प्रतिपादन टिकवणे हीच विद्वत्तेची कसोटी होती. त्या काळी बोलोन्यातील विद्यार्थी संघ तर तासाला उशिरा येणाऱ्या अध्यापकांना दंड करीत असत, ही गोष्ट आपल्या मुलीला जरूर सांगा! जाता जाता आणखी एक: ज्यांच्या नावाच्या महाविद्यालयात ती शिकली, त्या राजाराम महाराजांचे विलायतेहून परतताना १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे निधन झाले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे स्मारक आहे. सवड काढून तिने तेथे जाऊन यावे.

उत्तर (माजी विद्यार्थी)
क्षेत्रफळाबाबत लिहायचे राहिले होते. शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे उत्पन्न, बँकेतील शिल्लक आणि बांधीव मिळकत या तिन्हींचा हिशेब होतो आणि परदेशातील बांधकामाची किंमत सरसकट प्रति चौरस मीटर ५०० युरो धरली जाते. त्यामुळे जुन्या मोठ्या वाड्यात राहणारे साधे कुटुंबही कागदावर श्रीमंत दिसू शकते.

प्रश्नकर्ते पालक
आमचा वाडा तीन भावांच्या नावे आहे. तो सगळाच धरला जाईल का?

उत्तर (माजी विद्यार्थी)
नाही, आपल्या वाट्यापुरताच. म्हणून दाखल्यात तिन्ही भावांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा स्पष्ट असू द्या. मिळकत पत्रिकेवर जागेचे क्षेत्र असते, बांधकामाचे नव्हे. त्यासाठी महापालिकेच्या घरफाळा विभागातून उतारा घ्यावा आणि आकडे चौरस फुटांत असल्यास भाषांतरात चौरस मीटर करून घ्यावेत. माझ्या वेळी नेमका हाच घोळ झाला आणि दुरुस्तीत तीन आठवडे गेले.