मदत हवी आहे: बाळ नागपुरात, आम्ही एडिसनमध्ये, कोणी, केव्हा आणि किती दिवसांसाठी जावे?

ओसरी:
नमस्कार. प्रश्न थेट विचारते, कारण प्रस्तावना लिहिण्याइतका धीर आता उरलेला नाही. आम्ही दत्तक घेत असलेली आमची मुलगी नागपूरच्या एका संस्थेत आहे, ती चौदा महिन्यांची आहे, आणि आम्ही दोघे न्यू जर्सीत एडिसनला आहोत. तिला स्वीकारल्याच्या कागदावर सह्या करून चार महिने झाले. 'कारा'चे, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाचे, ना हरकत प्रमाणपत्र आता कोणत्याही दिवशी येईल, असे गेले पाच आठवडे आम्हाला सांगण्यात येत आहे. ते आल्यावर दोघांपैकी एकाने लगेच जाऊन तिला ताब्यात घ्यावे आणि बाकीचे कागद होईपर्यंत तिथेच राहावे, की सगळे पूर्ण झाल्यावर दोघांनी आठ-दहा दिवसांसाठी जाऊन तिला घेऊन यावे, यावर घरात रोज बोलणे होते आणि रोज ते अर्धवट राहते.

इथले दिवस कसे जातात तेही सांगते. दर शनिवारी भारतातल्या सकाळी अकरा वाजता संस्था पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल देते. घड्याळे मागे गेल्यापासून तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. उन्हाळ्यात दीड वाजत असे. त्यातली दहा मिनिटे ती फोन तोंडात घालण्याच्या खटपटीत असते आणि मावशी तो तिच्यापासून लांब धरतात. पाळणा मे महिन्यापासून लावून ठेवला आहे. होम स्टडीच्या वेळी समाजसेविकेने धुराचे अलार्म वाजवून पाहिले, नळाचे पाणी किती गरम येते ते पाहिले आणि औषधांच्या कपाटाला कुलूप लावायला सांगितले. त्या कुलपाची किल्ली आता डोके दुखले की आम्हीच शोधत असतो.

ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी कृपया लिहावे. 'धीर धरा' असे कोणी लिहू नये, ही विनंती.

काटेसावर:
तुम्ही दोघे कोणत्या देशाचे नागरिक आहात, हे लिहायचे राहिले आहे आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. आम्ही दोघे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होतो. दत्तक मुलाला एच-४, म्हणजे कुटुंबीयांचा व्हिसा, मिळवायचा, तर त्याचा कायदेशीर ताबा आणि त्याच्याबरोबरचे वास्तव्य दोन्ही दोन-दोन वर्षांचे दाखवावे लागते, हे आम्हाला दत्तक आदेश हातात पडल्यावर कळले. मी नोकरी सोडली आणि मुलाला घेऊन चिंचवडला सासरी दोन वर्षे राहिले. नवरा त्या काळात तीनदा येऊन गेला. मुलगा त्याला बरेच दिवस 'फोनवाले बाबा' म्हणत असे. तुमचीही स्थिती तीच असेल, तर आठ-दहा दिवसांचा विचार सोडून द्या.

जुनाजाणता:
आपण सगळे हे प्रकरण उगाच अवघड करून ठेवतो. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आजही जिवंत आहे. नात्यातले एखादे मूल पाहावे, देणाऱ्या आईवडिलांनी ते द्यावे, घेणाऱ्यांनी घ्यावे आणि दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवावे. दत्तहोमसुद्धा आवश्यक नाही, हे कलम ११ मध्येच म्हटले आहे. माझ्या चुलतभावाने १९९८ मध्ये एका आठवड्यात हे सगळे केले होते.

ओसरी:
@काटेसावर, क्षमा असावी, आमच्या दृष्टीने ते इतके उघड होते की लिहायचे सुचलेच नाही. आम्ही दोघेही अमेरिकन नागरिक आहोत आणि दोघांकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे) कार्ड आहे. आय-८००ए (दत्तक घेण्यास आम्ही पात्र आहोत का, याचा अमेरिकेतला अर्ज) मंजूर आहे, आय-८०० ला (याच मुलीसाठीच्या अर्जाला) तात्पुरती मंजुरी मिळाली आहे आणि दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीने आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराच्या कलम ५ चे संमतीपत्रही दिले आहे. अडले आहे ते फक्त ना हरकत प्रमाणपत्रापाशी.

@जुनाजाणता, आमची मुलगी ठरलेली आहे. आम्ही दुसरे मूल शोधत नाही.

तिसरीघंटा:
जुनाजाणता यांचा सल्ला कोणी मनावर घेऊ नये म्हणून लिहितो. भारतात हेग करार २००३ पासून लागू आहे आणि अमेरिकेत २००८ पासून. आय-८०० च्या तात्पुरत्या मंजुरीआधी आणि कलम ५ च्या पत्राआधी अमेरिकन नागरिकाने भारतात दत्तकविधान उरकले किंवा दत्तकासाठी मुलाचा ताबा घेतला, तर त्याच कारणाने अर्ज नाकारला जाऊ शकतो. म्हणजे नोंदणीकृत दत्तकपत्र हातात आणि मूल मात्र कायमचे भारतात, अशी अवस्था होते. २०२१ पासून हिंदू कायद्याने परदेशात मूल न्यायचे असले तरी 'कारा'चे ना हरकत प्रमाणपत्र लागते. १९९८ ची गोष्ट १९९८ ची आहे.

ओसरी, तुम्ही क्रम बरोबर पाळला आहे. यापुढचा क्रम असा: ना हरकत प्रमाणपत्र, संस्थेने जिल्हाधिकाऱ्यांकडे केलेला अर्ज, दत्तक आदेश, हेगच्या कलम २३ चे अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक करारानुसार झाल्याचे), जन्मदाखला, भारतीय पासपोर्ट आणि शेवटी दिल्लीतला आयएच-३, म्हणजे दत्तक मुलाचा अमेरिकन व्हिसा. १ सप्टेंबर २०२२ पासून आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि कायद्यात त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. आमच्या बाबतीत ना हरकत प्रमाणपत्रापासून विमानात बसेपर्यंत साडेतीन महिने गेले. माझे मत विचाराल, तर आदेश झाल्यावरच जा. आधी जाऊन तिथे रोज तारखेची वाट पाहण्यात माणूस खचतो.

एक शंका आहे, रागावू नका. मूल देताना अनिवासी भारतीयांना निवासी भारतीयांच्या बरोबरीने वागवतात, तसे ओसीआय दांपत्याला वागवत नाहीत. तरीही तुमच्याकडे इतके लहान बाळ आले, म्हणजे तिला काही वैद्यकीय गरज आहे का?

जुनाजाणता:
दत्तकाला मुलाच्या कल्याणाची संस्था मानायचे की कागदांची, हा मूळ प्रश्न आहे. तो कोणी विचारत नाही.

तिसरीघंटा:
तो प्रश्न या धाग्यातही कोणी विचारलेला नाही, काका.

ओसरी:
हो, गरज आहे. तिचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते. ओठाची शस्त्रक्रिया संस्थेने ती सहा महिन्यांची असताना करून घेतली, टाळूची व्हायची आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या यादीतूनच आम्ही तिला निवडले आणि ९६ तासांच्या आत आरक्षित केले. त्यांपैकी पहिले तीन तास येथील बालरोगतज्ज्ञांना वैद्यकीय अहवाल दाखवण्यात गेले आणि उरलेले त्र्याण्णव एकमेकांकडे पाहण्यात. लिहिले नाही, कारण आता तिच्याकडे पाहताना ते आमच्या लक्षातच येत नाही. पण तुमचे बरोबर आहे, लिहायला हवे होते.

पारिजात_दारातला:
मग माझे उत्तर तिसरीघंटा यांच्या अगदी उलट आहे. मी बालरोग विभागात परिचारिका होते आणि दत्तक मुलाची आईही आहे. टाळूची शस्त्रक्रिया साधारणपणे नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात, कारण बोलणे फुटण्याच्या काळात टाळू बंद असलेला बरा. तुमची मुलगी चौदा महिन्यांची आहे. आणखी साडेतीन-चार महिने धरले, तर ती अमेरिकेत उतरेल तेव्हा अठरा महिन्यांची असेल. त्यानंतर लगेच अनोळखी घर, अनोळखी भाषा आणि शस्त्रक्रिया, हे सगळे एका महिन्यात तिच्यावर येईल. तेव्हा निदान आई तरी तिच्या जुन्या ओळखीची असली पाहिजे. ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावर दत्तकपूर्व संगोपनासाठी ताबा मिळू शकतो, तो घ्या आणि तिच्याजवळ राहा.

मात्र एक पथ्य पाळा. एकदा कुशीत घेतले की पुन्हा हात बदलू नका. 'महिनाभर मी राहते, मग तू ये, मी परत जाते' अशी पाळी लावणारी जोडपी मी पाहिली आहेत. मोठ्यांना ती सोयीची वाटते, मुलाला मात्र प्रत्येक पाळीला कोणीतरी सोडून गेल्यासारखे वाटते.

आणि नागपुरातच शस्त्रक्रिया उरकून घ्यावी असे कोणी सुचवले, तर लक्षात ठेवा की आदेश होईपर्यंत संमतीपत्रावर सही करण्याचा अधिकार तुमचा नाही.

तिसरीघंटा:
भावना म्हणून हे पटते. पण त्या चार महिन्यांचा पगार कोण देणार, तिथले घरभाडे कोण भरणार, आणि इथे आल्यावर शस्त्रक्रियेसाठी रजा कुठून काढणार? सगळी रजा नागपुरात संपवून आलेली आई शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी कामावर जाईल, तेव्हा काय करायचे?

हिशेबनीस:
रजेचा मुद्दा मी सोडवतो, पण आधी एक सांगा: तुम्ही दोघे एकाच कंपनीत आहात का? फेडरल कौटुंबिक रजा कायद्याने दत्तकासाठी बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते; पती-पत्नी एकाच मालकाकडे असतील, तर दोघांत मिळून बारा, नाहीतर प्रत्येकी बारा. त्यासाठी कंपनीत किमान पन्नास माणसे आणि तुमची तिथे वर्षभराची, १,२५० तासांची नोकरी हवी. दत्तकासाठी करावा लागणारा परदेश प्रवासही या रजेत बसतो, आणि मूल ताब्यात आल्यापासून वर्षभरात ती वापरावी लागते. न्यू जर्सीत राज्याच्या कौटुंबिक रजा विम्यातून बारा आठवड्यांपर्यंत पगाराचा काही भागही मिळतो.

कंपनीच्या आरोग्य विम्यात मुलीचे नाव ताबा किंवा दत्तक यांच्या तारखेपासून तीस दिवसांत घालायला विसरू नका. शस्त्रक्रिया समोर असताना ही तारीख चुकली, तर फार महागात पडेल. शिवाय दत्तकाचा आयकर लाभ परदेशी मुलाच्या बाबतीत आदेश अंतिम झाल्याच्या वर्षीच मागता येतो. त्यामुळे आदेश डिसेंबरमध्ये करून घेता आला, तर पाहा.

पारिजात_दारातला:
आदेशाची तारीख जिल्हाधिकारी देतात, करसल्लागार नव्हे.

आज्जीबाईंचा_बटवा:
नाव ठरले का? बारसे कुठे करणार? आमच्याकडे दत्तक आलेल्या नातीचे बारसे ती सव्वा वर्षाची असताना केले होते. पाळण्यात मावेना, म्हणून तिला मांडीवर घेऊन कानात नाव सांगितले आणि तिने लगेच कान झाकून घेतला. तुम्हीही करा. आणि तिचे संस्थेतले नाव सगळे टाकून देऊ नका, तिला त्याच हाकेची सवय असते.

तिसरीघंटा:
आजींच्या प्रश्नात नकळत एक कामाची गोष्ट आली आहे. दत्तक आदेशात जे नाव आणि जे स्पेलिंग येईल, तेच जन्मदाखल्यावर, पासपोर्टवर आणि व्हिसावर गेले पाहिजे. आमच्या आदेशात मधल्या नावात एक अक्षर जास्त पडले होते, त्यासाठी अकरा दिवस गेले. अर्ज दाखल होण्याआधी संस्थेकडून मसुदा मागवा आणि स्वतः वाचा.

काटेसावर:
मी आधी घाईने लिहिले, कारण आमचा अनुभव अजून मनात आहे. तुम्ही नागरिक आहात, तेव्हा आयएच-३ वर ती इथे उतरली की आपोआप नागरिक होईल. आमच्यासारखे दोन वर्षे तुम्हाला थांबावे लागणार नाही. तरीही त्या दोन वर्षांबद्दल मला पश्चात्ताप नाही, हेही लिहून ठेवते. संस्थेत सगळ्या बायका 'मावशी' असतात, त्यामुळे माझा मुलगा मलाही तीन महिने मावशी म्हणत होता. चिंचवडला त्याला कोणी घाई केली नाही, एके दिवशी शेजारच्या मुलाचे ऐकून तो आई म्हणाला. अमेरिकेत मी कामावर आणि तो डेकेअरमध्ये असता, तर ते कसे झाले असते कोण जाणे.

संस्थेतून निघताना तिचे अंथरायचे पांघरायचे एखादे कापड न धुता मागून घ्या. ती काय खाते, किती वाजता झोपते, कोणत्या कुशीवर झोपते, हे तिथल्या मावशींकडून लिहून घ्या. कार्यालयातल्या फाइलमध्ये ते नसते.

ओसरी:
सर्वांचे आभार, आणि मधल्या माझ्या तुटक उत्तरांबद्दल क्षमा. आम्ही दोघे वेगवेगळ्या कंपन्यांत आहोत, आणि हिशेबनीस यांनी प्रत्येकी बारा आठवडे असे लिहिले, तिथेच आमचे भांडण मिटले. माझे बारा आठवडे नागपुरात जातील. नवऱ्याचे बारा इथे शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवायचे. तो सुट्ट्या जोडून ताबा घेताना येईल आणि मग आदेशानंतर येईल. मी मात्र मधे परतणार नाही. बारा आठवडे पुरले नाहीत तर काय, याचे उत्तर माझ्या वरिष्ठांनी अजून दिलेले नाही. येथील टाळूच्या शस्त्रक्रियेच्या पथकाकडे काल फोन करून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. चुकली तर पुढे ढकलता येते म्हणाले.

ना हरकत प्रमाणपत्र अजूनही आलेले नाही, हे सांगायला हवे.

आता एक नवीन प्रश्न: धरमपेठ किंवा लक्ष्मीनगर भागात तळमजल्यावरचे, सामानासह, तीन-चार महिन्यांसाठी घर कोणी देते का? आमचे नातेवाईक पुण्यात आहेत, नागपुरात कोणीच नाही.

संत्र्याचीबाग:
लक्ष्मीनगरला माझ्या आत्येबहिणीचा तळमजला जानेवारीपर्यंत रिकामा आहे, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. नागपूर म्हणजे ऊन, असे समजून येऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते, बाळासाठी कानटोपी आणि पायमोजे लागतील. दूध ती बाटलीने पिते की वाटी-चमच्याने? टाळू उघडा असेल, तर साधी बाटली चालत नाही आणि खास बाटली इथे मिळवायला वेळ लागेल.

ओसरी:
ते मला माहीत नाही. इतक्या शनिवारांत कधी विचारलेच नाही. या शनिवारी मावशींना फोन लांब धरू नका असे सांगते, आणि हेही विचारते.