शब्दचर्चा: अपेंड, एक्स्टेंड, जॉइन – तिन्हींना ‘जोडणे’?

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फंक्शनांचा मराठी संदर्भकोश आपण मिळून करतो आहोत. आतापर्यंतच्या नोंदींत अपेंड, एक्स्टेंड, जॉइन आणि झिप या चारहींपुढे ‘जोडणे’ असाच अर्थ आला आहे. एकेक नोंद सुटी वाचली तर चूक काढता येत नाही. चारही शेजारी ठेवल्या की मात्र वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वेगवेगळी क्रियापदे सुचवा. दुसरे असे की ‘रिटर्न’ला काही नोंदींत ‘परत करणे’ आहे, काहींत ‘परतावा’. यातले कोणते ठेवायचे?

*

आधी एक ठरवून टाकू: फंक्शनच्या नावाचं भाषांतर करायचं नाही. प्रोग्रॅममध्ये ते नाव जसंच्या तसं लिहावं लागतं, म्हणून ते फक्त उच्चाराप्रमाणे देवनागरीत यावं. मराठी शब्द हवा तो त्याच्या कामाला.

अपेंड – ‘शेवटी ठेवणे’. जे दिलं ते न फोडता एकच वस्तू म्हणून यादीच्या (लिस्टच्या) शेवटी जातं. [१, २] या यादीला [३, ४] अपेंड केली तर लांबी ३ होते, कारण तिसरी वस्तू म्हणजे ती अख्खी यादी.

एक्स्टेंड – ‘ओतणे’. तीच [३, ४] एक्स्टेंड केली तर लांबी ४.

जॉइन – ‘सांधणे’. हा शब्द इथे चपखल बसतो, कारण जॉइन ही यादीची मेथड (वस्तूपुढे टिंब देऊन वापरायचं फंक्शन) नाहीच, ती सांध्याची आहे: आधी स्वल्पविरामाची स्ट्रिंग (चिन्हांची माळ, म्हणजे मजकूर), मग टिंब, मग जॉइन, आणि यादी कंसात. नवशिके हे हमखास उलटं लिहितात. वस्तू पाच असतील तर सांधे चारच पडतात, शेवटी लोंबता स्वल्पविराम राहत नाही. यादीतली प्रत्येक वस्तू स्ट्रिंगच हवी. एक जरी आकडा असला तरी टाइपएरर (वस्तूचा प्रकार चुकल्याची सूचना) येतो.

झिप – ‘जोड्या लावणे’. तीन याद्या दिल्या तर तिकड्या होतात, पण शब्द चालून जाईल. सगळ्यांत आखूड यादी संपली की झिप गप्प थांबतं, उरलेल्या वस्तू वाऱ्यावर. आवृत्ती ३.१० पासून ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय खरा (ट्रू) केला की लांबी न जुळल्यास चूक दाखवतं. हे नोंदीत यायलाच हवं.

*

‘ओतणे’ला हरकत आहे. ओतलं की पहिलं भांडं रिकामं होतं. एक्स्टेंडला दिलेली यादी मात्र जशीच्या तशी राहते. गंमत म्हणजे यादीऐवजी इटरेटर (वस्तू एकेक करून हाती देणारा) दिला तर तो खरोखरच रिकामा होतो, आणि मग वाचणाऱ्याला वाटणार की नेहमी असंच होत असेल.

‘एकेक करून शेवटी ठेवणे’ घ्या. अपेंडचं क्रियापद तेच राहतं आणि दोघांतला फरक ‘एकेक करून’ या दोन शब्दांत येतो. स्ट्रिंग दिल्यावर काय होतं हेही त्यातूनच कळतं. यादीला ‘मोती’ एक्स्टेंड केलं तर चार वस्तू वाढतात: म, सुटा काना-मात्रा, त, सुटी वेलांटी. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण पायथॉन युनिकोडचे संकेतांक (प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) मोजतो. याच हिशेबानं ‘स्त्री’ची लांबी ‘लेन’ला विचारली तर ६ येते: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. म्हणून ‘लेन’च्या नोंदीत ‘अक्षरे मोजणे’ असं लिहू नका.

*

‘एकेक करून’ मान्य. ‘ओतणे’ काढले.

*

रिटर्नबद्दल. ‘परतावा’ पैशांचा असतो, तो इथे नको. ‘परत करणे’ म्हणजे घेतलेली वस्तू ज्याची त्याला देणे. सॉर्टेड घेते एक यादी आणि देते दुसरीच. शिवाय ‘परत’चा दुसरा अर्थ ‘पुन्हा’. ‘हे फंक्शन यादी परत देते’ हे वाक्य दोन्ही तऱ्हांनी वाचता येते. साधे ‘देते’ पुरे: ‘नवी यादी देते’, ‘संख्या देते’, ‘काही देत नाही’.

सॉर्ट आणि सॉर्टेड यांची घडण मराठीत छान उतरते. सॉर्ट ही आज्ञा आहे, ‘क्रम लाव’. सॉर्टेड हे धातुसाधित विशेषण आहे, ‘क्रम लावलेली’. आज्ञा यादीवरच चालते, मूळ यादी बदलते आणि हाती काही येत नाही. विशेषण नवी यादी देते, मूळ यादीला हात लावत नाही. रिव्हर्स आणि रिव्हर्स्ड यांचेही तसेच, फक्त रिव्हर्स्ड यादी देत नाही, इटरेटर देते. तो एकदाच फिरवता येतो.

‘यादी = यादी.सॉर्ट()’ ही ओळ सगळ्यांकडून कधी ना कधी लिहिली जाते. क्रम लागतो, पण लगेच त्या नावाला ‘नन’ (पायथॉनचे ‘काही नाही’) चिकटतो आणि यादी गेली. म्हणून प्रत्येक नोंदीच्या पहिल्या वाक्यात दोन गोष्टी सक्तीच्या करा: काय देते, आणि मूळ वस्तू बदलते का. बाकी सगळे खाली आले तरी चालेल.

*

‘नन’साठी तीन नोंदींत ‘शून्य’ दिसलं. ते काढा. शून्य ही संख्या आहे. शून्य, रिकामी स्ट्रिंग, रिकामी यादी आणि नन हे चौघेही ‘इफ’मध्ये (अट तपासताना) खोटे ठरतात, पण एकमेकांबरोबर समान नाहीत. ‘नन (काही नाही)’ असं लिहा.

राउंडच्या नोंदीत ‘जवळच्या पूर्णांकात आणते’ एवढंच स्पष्टीकरण आहे, आणि उदाहरणात २.५ चे ३ दिले आहेत. २.५ दोन्हीकडून सारखाच जवळ, मग? शाळेत ३ शिकवतात, पायथॉन २ देतो. बरोबर अर्धा आला की तो सम संख्येकडे जातो, म्हणून ३.५ चे ४.

*

स्ट्रिपची नोंद पुन्हा लिहावी लागेल. ‘सुरुवातीचा व शेवटचा दिलेला शब्द काढते’ हे साफ चूक आहे. स्ट्रिप शब्द बघतच नाही, त्याला दिलेली चिन्हं म्हणजे नुसता ढीग. ‘रामराव’ला एलस्ट्रिप (फक्त सुरुवातीकडून काढणारं स्ट्रिप) लावून ‘राम’ दिलं तर ‘राव’ उरेल असं वाटतं. उरतो फक्त ‘व’, कारण र, काना आणि म यांपैकी नसलेलं चिन्ह येईपर्यंत ते सोलतच राहतं. नोंदीसाठी शब्द ‘सोलणे’. शब्दच काढायचा असेल तर ‘रिमूव्हप्रीफिक्स’ आणि ‘रिमूव्हसफिक्स’ आहेत, आवृत्ती ३.९ पासून. त्यांना ‘छाटणे’ द्या.

*

व्याकरणाचं कोणी बोललंच नाही. उसन्या शब्दांना लिंग द्या, नाहीतर एकाच पानावर ‘तो लिस्ट’ आणि ‘ती लिस्ट’ दोन्ही येतात. फंक्शन नपुंसकलिंगी, लिस्ट, स्ट्रिंग, की, व्हॅल्यू, मेथड स्त्रीलिंगी, इटरेटर पुल्लिंगी. ‘लूप’वर एकमत होणार नाही, कुठलंही एक धरा. फंक्शनला ‘फलन’ म्हणू नये असं माझं मत. गणितातलं फलन तीच किंमत दिली की तेच उत्तर देतं, आणि ‘इनपुट’ (वापरणाऱ्याने टंकलेलं घेणारं फंक्शन) दर वेळी वेगळं देऊ शकतं.

पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट हे एकच नव्हेत. व्याख्येत ठेवलेली नावाची जागा तो पॅरामीटर, फंक्शनला हाक मारताना (ते वापरताना) त्या जागेत टाकलेली वस्तू ती आर्ग्युमेंट.

*

एक तांत्रिक अडचण, जी नंतर फार छळेल. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टंकला जातो: एकच संकेतांक, किंवा ‘अ’ आणि वर सुटा चंद्र. दिसायला सारखेच, पण शोधात एक सापडतो, दुसरा नाही. युनिकोडचं सामान्यीकरण (एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं तरी हे दोन्ही एक होत नाहीत. नोंद जमा होतानाच ‘रिप्लेस’ने सगळे एकसंकेतांकी करून घ्या. ‘ऱ्या’मधला ऱ ही असाच दोन तऱ्हांनी टंकला जातो, त्याला मात्र सामान्यीकरण पुरतं.

क्रियापदांची सूची सॉर्टेडनेच लावणार असाल तर ‘ओळखणे’ हे ‘ओवणे’च्या आधी येईल. युनिकोडमध्ये ळ चा क्रम ल च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. सॉर्टेडच्या ‘की’ या पॅरामीटरला छोटं फंक्शन द्या. त्यात तुलनेपुरतं ळ च्या जागी ह च्या लगेच पुढच्या संकेतांकाचं चिन्ह ठेवायचं, मूळ शब्दांना धक्का लागत नाही. क्ष आणि ज्ञ शेवटी हवेत की क आणि ज मध्ये, हे आधी ठरवा. संगणकाच्या लेखी ती जोडाक्षरंच आहेत.

*

क्ष क मध्ये, ज्ञ ज मध्ये. कोशात क्ष ने सुरू होणारे एकही क्रियापद नाही, वाद कशाला. आणि प्रत्येक उदाहरण लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी चालवून पाहिल्याशिवाय नोंद पक्की करू नका. राउंडचे ते चुकीचे उदाहरण कोणीच चालवले नव्हते.