रिमॅपनंतर क्लच स्लिप मारतोय: टॉर्क कापायचा की क्लच वाढवायचा?

खंबाटकी_एक्सप्रेस (धागाकर्ता)

आमच्या ग्रुपमधल्या एका पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएसवरून जोरात जुंपलीय, म्हणून इथे धागा काढतोय. गाडी बहुतेकांना माहीत असेल. १.८ लिटर, टर्बो, २० व्हॉल्व्ह, ५ गिअरचा मॅन्युअल. भारतात आली तेव्हा कागदावर १५० पीएस पॉवर आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क. (युरोपातल्या आरएसला १८० पीएस होते. त्याचा राग काहींच्या मनातून अजून गेलेला नाही.)

गाडी मित्राची. कंपनीचा क्लच बसवलेला, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलणं) बाहेरून करून घेतलेला. ट्यूनरने, म्हणजे रिमॅप करणाऱ्याने, डायनोचा (ताकद मोजायच्या मशीनचा) जो कागद दिला त्यावर ३०० न्यूटन-मीटर दिसतात, तेही २५०० आरपीएमलाच. शहरात सगळं मस्त. पण खंबाटकीला चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा ३००० वरून ३५०० वर उडी मारतो आणि स्पीडोमीटर जागचा हलत नाही. दोनतीनदा असं झालं की ब्लोअरमधून तो करपट वास. म्हणजे क्लच स्लिप, प्लेट पकडायची सोडून घसरतेय, यात कुणाचंच दुमत नाही.

वाद पुढचा आहे. गॅरेजवाला आणि निम्मा ग्रुप म्हणतो, दणकट क्लच टाक. माझं म्हणणं, क्लचला हातही लावू नका, ट्यूनरकडे परत जा आणि खालचा टॉर्क कापून आणा.

कारण साधं आहे. क्लच पॉवरने स्लिप होत नाही, टॉर्कने होतो. प्लेटच्या दोन बाजू, त्यावर प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटवरच्या लायनिंगचं घर्षण आणि सरासरी त्रिज्या, या चारांचा गुणाकार म्हणजे क्लचची पकड. त्यात आरपीएम कुठेच येत नाही. आता हिशोब करा. ३०० न्यूटन-मीटर २५०० आरपीएमला म्हणजे जेमतेम १०७ पीएस. तेच २५० न्यूटन-मीटर ५५०० ला मिळाले तर १९६ पीएस. म्हणजे ज्या १०७ पीएससाठी क्लच जळतोय ते कुणाच्या उपयोगाचे? ओव्हरटेक करताना एक धक्का बसतो आणि शेजारी बसलेला 'वा' म्हणतो, एवढाच उपयोग. ट्यूनर मात्र तोच धक्का विकतात, कारण टेस्ट ड्राइव्हमध्ये गिऱ्हाइकाला तेवढंच कळतं.

बोला.

---

बूस्टभाऊ

असहमत. पूर्णपणे.

१. क्लच प्लेट ही ब्रेक पॅडसारखी झिजणारी वस्तू आहे. जास्त ताकद हवी तर जास्त पकडीचा क्लच लागणारच. टर्बो गाडी घेऊन खालचा टॉर्क कापायचा असेल तर होंडाचं व्हीटेक घ्या आणि ७००० पर्यंत ओरडत बसा.

२. तुमचा हिशोब कागदावर छान आहे, पण त्या गाडीचा टर्बो किती छोटा आहे माहितीय ना? तो खाली लवकर फुगतो आणि वर त्याचा दम सुटतो. ५५०० ला २५० न्यूटन-मीटर तो देणार कुठून? खालचंही कापलंत तर राहिलं काय? रिमॅपचे पैसे परत मागा मग.

---

खंबाटकी_एक्सप्रेस

दम सुटतो हे मान्य. २५० नका धरू, २३० धरा. ५५०० ला २३० म्हणजे १८० पीएस, युरोपवाल्यांइतके. खाली ३०० ऐवजी २५५-२६० वर सपाट रेषा ठेवा. त्या ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) प्रत्येक आरपीएमला किती लोड द्यायचा याचं टेबलच असतं, अर्ध्या तासाचं काम आहे. गाडी जवळपास तेवढीच पळेल, फक्त पाठीत गुद्दा बसणार नाही.

आणि ब्रेक पॅडसारखी म्हणताय, पण पॅड चाक काढून बदलता येतात. इथे आख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

---

पेडलवाली

ट्रान्समिशनच्याच कामात आहे, म्हणून दोन गोष्टी.

पहिली. कंपनी क्लच ठरवताना इंजिनच्या टॉर्कपेक्षा थोडी जास्त पकड ठेवते. प्रवासी गाड्यांत साधारण सव्वा ते दीडपट. २१० ला १.३ ने गुणलं तर २७३. तेव्हा २६० वर चालून जाईल आणि ३०० वर स्लिप होईल हे दोन्ही अपेक्षितच आहे. पण ही जास्तीची पकड ट्यूनरसाठी ठेवलेली नसते. घाटात हाफ क्लचवर तापलेली प्लेट, भरलेली गाडी, मे महिना, या सगळ्यासाठी ती असते. धागाकर्त्यांच्या २६० मध्ये ती जवळजवळ सगळी खर्च होते, याचा हिशोब त्यांनी दिलेला नाही.

दुसरी. 'प्लेट झिजली की पकड कमी होत जाते' हे सगळे धरून चालतात. डायफ्राम स्प्रिंगच्या (बशीसारख्या स्प्रिंगने दाब देणाऱ्या) क्लचमध्ये तसं सरळ नसतं. प्लेट झिजत जाते तसा दाब आधी थोडा वाढतो, मग अगदी शेवटी झपकन पडतो. त्यामुळे अर्धी झिजलेली पण न तापलेली प्लेट ट्यून सहन करते आणि नवी, पण एकदा करपलेली प्लेट करत नाही. खरा शत्रू उष्णता. धाग्यातल्याच आकड्यांवर बघा. ३०० न्यूटन-मीटर आणि ५०० आरपीएमची घसर म्हणजे १५ किलोवॉटच्या वर उष्णता, म्हणजे १५ इस्त्र्या एकाच वेळी त्या बंद डब्यात लावल्यासारख्या. लायनिंग काचेसारखं गुळगुळीत होतं, घर्षण उतरतं आणि पुढच्या वेळी कमी टॉर्कलाही स्लिप सुरू होतो.

म्हणून प्रश्न: तुमच्या मित्राची प्लेट आधीच करपलीय. आता टॉर्क कापून ती बरी होईल असं वाटतं का?

---

बूस्टभाऊ

ताईंनी निकाल दिला. क्लच टाका.

---

पेडलवाली

निकाल दिलेला नाही. प्लेट बदलावी लागेल एवढंच म्हटलं. कुठली, ते नाही.

---

ओहायोकर

इकडे सातव्या पिढीची गोल्फ आर आहे, मॅन्युअल. तिला मुळातच ३८० न्यूटन-मीटर. स्टेज वन (पार्ट न बदलता नुसता रिमॅप) केलं की साडेचारशेच्या वर सहज जातं. कंपनीचा क्लच त्यानंतर फार दिवस टिकत नाही हे इथे उघड गुपित आहे. लोक रिमॅप घेतानाच क्लचचे पैसे बाजूला ठेवतात. काही ट्यूनर कमी टॉर्कची फाइल वेगळी देतात, पण ती घेणारे थोडे.

एक मुद्दा कुणी काढला नाही. आमच्या गाडीत चारही चाकं पकडतात, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरलाही सगळा मार क्लचवर येतो. ऑक्टाव्हियात पुढची दोनच चाकं ओढतात. खालच्या गिअरला टायर फिरतात आणि क्लच वाचतो. म्हणून तुमच्याकडे स्लिप चौथ्या-पाचव्यालाच दिसतो. शिवाय वरच्या गिअरला गाडी सावकाश वेग घेते, तेवढ्या वेळात टर्बो पूर्ण फुगतो आणि प्लेटवर तो भार जास्त वेळ राहतो.

मी स्वतः क्लच वाढवला. पस्तावलो नाही. पण सकाळी बंपर टू बंपर असेल त्या दिवशी बायकोची गाडी नेतो, हे खरं.

---

ओल्या_क्लचवाला

मॅन्युअलवाल्यांची दुखणी वाचून करमणूक होतेय. 😀 माझ्याकडे नंतरची ऑक्टाव्हिया, आरएस २३०, ६ गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). क्लच तेलात बुडालेले आणि दाब हायड्रॉलिक. टीसीयूच्या (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरच्या) रिमॅपने तो दाबच वाढवता येतो. लॅपटॉप लावला, झालं.

---

गॅरेजमामा

करमणूक जपून करा. त्या गिअरबॉक्सची कंपनीची मर्यादा ३५० न्यूटन-मीटर आणि तुमच्या इंजिनाचा मूळ टॉर्कही ३५०. म्हणजे रिमॅपआधीच तुम्ही काठावर. ओला क्लच स्लिप झाला तर लायनिंगची भुकटी त्याच तेलात मिसळते आणि तेच तेल मेकॅट्रॉनिकमधून (गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधून) फिरतं. ६०,००० किलोमीटरला तेल बदलायचं असतं, ते ट्यून केलेल्या गाडीत लवकर बदला. आणि तुमच्याच कुटुंबातला ७ गिअरचा कोरडा डीएसजी, तो तर २५० चाच. त्याला स्टेज वन करणाऱ्यांना माझा नमस्कार.

आता मूळ धाग्याबद्दल. मी दोन्ही पक्षांना विचारतो, गिअरबॉक्स उतरवून बघितलाय का कुणी? रिमॅपनंतर स्लिप आला म्हणजे रिमॅपमुळेच, असं धरून चाललात. या वयाच्या गाडीत क्रँकचं मागचं सील गळतं. तेलाचा पातळ हात लायनिंगवर फिरला की २१० न्यूटन-मीटरलाही स्लिप होईल. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) खालच्या बाजूला बोट फिरवा. काळं, चिकट, तेलकट लागलं तर तुमचे दोन्ही उपाय फुकट. त्या तेलात दणकट क्लचसुद्धा तसाच स्लिप मारेल.

---

खंबाटकी_एक्सप्रेस

मामा, खालून बघितलंय, कोरडं आहे. राखाडी भुकटी आहे, तेल नाही. सील बदलून घेऊच, गिअरबॉक्स उतरणारच आहे तर.

पेडलवाली, तुमचा मुद्दा बरोबर आहे, करपलेली प्लेट बरी होत नाही. पण माझा वाद त्याच्या पुढचा आहे. कंपनीच्याच मापाची प्लेट टाकून टॉर्क कापा, की दणकट टाकून ३०० ठेवा? मी पहिल्याच्या बाजूने आहे, कारण क्लच हा या गाडीतला सगळ्यात स्वस्त फ्यूज आहे. तो पक्का केलात तर तोच धक्का गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टवर जाणार. गिअरबॉक्सचे पार्ट शोधायला गेलात की कळेल.

---

बूस्टभाऊ

हा फ्यूजवाला युक्तिवाद मला कधीच पटला नाही. फ्यूज क्षणात उडतो आणि तुम्ही थांबता. क्लच महिनोन्महिने करपत राहतो आणि जाता जाता फ्लायव्हीलही घेऊन जातो. ड्युअल मास (दोन भागांच्या) फ्लायव्हीलवर निळे डाग पडले की तो पण बदला. त्याची किंमत बघितलीत?

शिवाय 'दणकट क्लच' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रेसचा, सिरॅमिकच्या चकत्यांचा क्लच येतो. तसला कुणी सांगतच नाहीये. या इंजिनावर फोक्सवॅगनच्याच व्हीआर६ इंजिनाची प्रेशर प्लेट आणि प्लेट, सोबत जी६० इंजिनाचा सिंगल मास (अखंड) फ्लायव्हील, हा जोड जगभर वर्षानुवर्षं चाललाय. लायनिंग ऑरगॅनिकच. पाय थोडा जड होतो, बास. माझ्या ओळखीत अशी गाडी रोज कात्रज-हिंजवडी करते.

---

पेडलवाली

सिंगल मास टाकल्यावर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सची खडखड येते, तेही सांगा. इंजिनाचे हिसके शोषून घेणं हे ड्युअल मासचंच काम असतं. सिग्नलला उभं राहिल्यावर शेजारचा रिक्षावाला वळून बघेल.

आणि जड प्रेशर प्लेटचा भार फक्त पायावर येत नाही. पेडल दाबलेलं असताना तो सगळा दाब रिलीज बेअरिंगमधून क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. सिग्नलला पहिला टाकून पेडल दाबून बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. न्यूट्रल करा, पाय काढा.

एवढं सोडलं तर ऑरगॅनिकचा जोड वाईट नाही. ३०० च ठेवायचे असतील तर मी तोच निवडेन.

---

निमूट_वाचक

मध्येच तोंड घालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. रिमॅप विमा कंपनीला कळवलाय का?

---

बूस्टभाऊ

आले. प्रत्येक धाग्यावर एक असतातच.

---

खंबाटकी_एक्सप्रेस

नाही हो, रास्त प्रश्न आहे. कळवलेला नाही, आणि अपघातात विमा कंपनीने हात वर केले तर मित्राला बोलायला जागा नाही. ते त्याला सांगून झालंय. पण त्यावर स्वतंत्र धागा काढा, इथे क्लचवरच राहू.

ताजी खबर: ट्यूनरला फोन केला. म्हणाला, "टॉर्क कमी केला तर गाडी ढिली वाटेल, मग तुम्हीच बोंब माराल." फाइल बदलायचे वेगळे पैसे मागतोय. माझा राग यावर आहे. ३०० ची फाइल विकताना 'कंपनीचा क्लच हे पेलणार नाही' हे एक वाक्य बोलायला काय जातं? तिकडे ओहायोत निदान उघड गुपित तरी आहे.

---

ओहायोकर

इथेही ट्यूनर सांगत नाहीत हो. आधी जळालेले सांगतात.

---

गॅरेजमामा

फाइलचे पैसे द्यायच्या आधी लॉग घ्या, म्हणजे गाडी पळताना आकडे नोंदवून घ्या. चौथा गिअर, २००० आरपीएमपासून पूर्ण पाय, मोकळा चढ. आरपीएम, वेग आणि बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) तिन्ही एकाच फाइलमध्ये. एका गिअरमध्ये आरपीएम भागिले वेग हा आकडा हलता कामा नये. जिथे तो वर सरकतो तिथे बूस्ट किती आहे ते बघा. त्याच आरपीएमला कापायला सांगा, बाकीचं तसंच राहू द्या. सरसकट कापलात तर ट्यूनर म्हणतो तशी गाडी ढिली होईलच. लॉग नवीन प्लेट बसवल्यावर पुन्हा घ्या, पण लगेच नको. पहिले ८००-१००० किलोमीटर शहरात, गिअर बदलत, हळू चालवा. लायनिंग बसायच्या आधीच खंबाटकीला नेऊन पाय दाबलात तर नवी प्लेटही करपवाल आणि मग इथे येऊन पार्ट डुप्लिकेट होता म्हणाल.

---

बूस्टभाऊ

लॉग आला की इथे टाका. कापलेल्या फाइलचा आणि न कापलेल्या फाइलचा, दोन्ही. ८० ते १२० चा वेळही लिहा. फरक अर्ध्या सेकंदापेक्षा कमी निघाला तर मी गप्प बसेन.