वाळू ही निव्वळ सजावट नव्हे

चिवटपणाविषयीच्या नृत्यप्रयोगात मंचावर वाळू ओतणे म्हणजे केवळ नेपथ्याचा देखावा, हा नेहमी ऐकू येणारा आक्षेप मला अर्धाच पटतो. थर कोरडा आणि पातळ असेल तर तो देखावाच. परंतु जमीन नर्तकाला खरोखर अडवू लागली की प्रयोगाचा अर्थ बदलतो. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांनी १९७५ मध्ये जर्मनीतील वुप्पर्टाल येथे रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर बसवलेल्या नृत्यात मंचभर माती पसरलेली असते. ती घामेजलेल्या अंगाला चिकटत जाते, नर्तकांची धाप प्रेक्षकांपर्यंत पोहोचते आणि दमणे हा अभिनय उरत नाही.

कोकणातील हर्णैच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी आम्ही जाखडीचा, म्हणजे तिथल्या लोकनृत्याचा, फेर धरून पाहिला, तेव्हा ओल्या वाळूत टाच रुतल्यामुळे प्रत्येक पाऊल मृदंगाच्या किंचित मागे पडत होते आणि सारवलेल्या अंगणात सहज जाणारी गिरकी पोटऱ्यांना भलतीच महाग पडत होती. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आडव्या पडलेल्या पोफळी ओढून बागा मोकळ्या करणाऱ्या माणसांच्या चालीत मी हाच उशीर पाहिला आहे. मागच्या पडद्यावर वादळाची चित्रफीत दाखवण्यापेक्षा (तो मोह बहुतेकांना आवरत नाही) मांडणी करणाऱ्यांनी वाळू निदान भिजवून घ्यावी आणि थर घोटाभर तरी ठेवावा.