'सहव्यवस्थापक' म्हणजे दुय्यम का?

कागदवेडी: एका मृत्युपत्राचं मराठी भाषांतर करते आहे. दोन एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राचा अंमल करणारे, नेमलेत आणि मिळकतीचं आयकर विवरणपत्र भरणं दोघांकडे आहे. मी लिहिलं, 'सहव्यवस्थापकांनी ही जबाबदारी वाटून घ्यावी.' त्यातल्या एक बाई वाचून म्हणाल्या, "म्हणजे मुख्य माझे दीर, मी मदतीला. मग विवरणपत्राचं तेच बघतील." मुळात दोघंही बरोबरीचे आहेत. चूक 'सह'ची की 'वाटून'ची?

जुनादस्त: 'व्यवस्थापक'ची. तो कुठल्याही कचेरीत असतो. 'निष्पादक' लिहा.

शाईचा डाग: निष्पादक नको. दस्त निष्पादित करणारा म्हणजे लिहून देणारा, सही करणारा. मृत्युपत्र निष्पादित करतो तो ते करणाराच. अंमल करणाऱ्यालाही तेच नाव दिलंत तर वाचणाऱ्याने कुणाला काय समजायचं? वडिलांच्या मृत्युपत्राच्या वेळी आमचा यावर तासभर खल झाला. शेवटी 'एक्झिक्युटर' ठेवलं, कुणाचं अडलं नाही.

जुनादस्त: अडत नाही म्हणत म्हणतच शब्द जातात. उद्या 'वारस'ही जाईल.

शाईचा डाग: 'वारस' तरी कुठे संस्कृत आहे? अरबीच. रुळला म्हणून आपला.

मोडीप्रेमी: आजोबा 'मुखत्यार' म्हणायचे. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, म्हणून मुख.

शाईचा डाग: मुखाचा संबंध नाही. अरबी 'मुख्तार', 'अखत्यार' त्याच कुळातला. शिवाय मुखत्यारपत्र देणारा वारला की मुखत्याराचा अधिकार साधारणपणे संपतो, एक्झिक्युटरचं काम तिथूनच सुरू होतं.

कागदवेडी: 'सह'बद्दल कुणी सांगेल का? मसुदा उद्या द्यायचाय.

तिरपी रेघ: बाईंचा कान बरोबर आहे. सहमालक, सहआरोपी हे बरोबरीचे, पण सहसचिव, सहआयुक्त एक पायरी खाली. पदनामाला 'सह' लागला की उतरंड ऐकू येते. सरळ 'दोन्ही एक्झिक्युटर' म्हणा. आणि 'वाटून' काढाच. वाटलं की निम्मं तुझं, निम्मं माझं. विवरणपत्र निम्मं भरता येत नाही. आयकर कायद्यात एकाहून जास्त एक्झिक्युटर असले तर त्यांना मिळून एक व्यक्तिसमूह धरलं आहे. सातबाऱ्यावरचा शब्द घ्या: 'दोघांची सामाईक जबाबदारी.'

मोडीप्रेमी: 'सामायिक' हवं ना?

तिरपी रेघ: लसावि आठवा, लघुतम सामाईक विभाज्य. पाठ्यपुस्तकात दीर्घ ई.

जुनादस्त: पाठ्यपुस्तक म्हणजे प्रमाण नव्हे. आम्ही 'सामायिक' लिहीत आलो.

मोडीप्रेमी: पण 'सामायिक' ही जैनांची ४८ मिनिटांची साधना. तिचा आणि या शब्दाचा उगम एकच का?

कागदवेडी: 'सामाईक' घेतला. पण सामाईक म्हटल्यावर एकाने भरलं नाही तर दुसऱ्याला एकट्याला जाब द्यावा लागेल, हे त्यात येतं का?

जुनादस्त: आधी ऱ्हस्व-दीर्घ ठरू दे.