थंडीत क्रॉसबोचा खटका गोठतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात राहतो. क्रॉसबोने (बंदुकीसारखं धरायचं, ट्रिगरने सुटणारं धनुष्य) वर्षाला एक हरीण मारतो, परवाना घेऊन, आणि मांस घरीच खाल्लं जातं. (भारतात शिकारीवर बंदी आहे, हे ठाऊक आहे. इथे २०१४ पासून क्रॉसबोचा वेगळा परवाना मिळतो. योग्य-अयोग्य यावर वेगळ्या धाग्यात बोलू.)

ऑक्टोबरात काहीच अडचण येत नाही. शनिवारी पहाटे मात्र उणे १६ सेल्सिअस होतं. आडोशाला तासभर बसलो, २५ यार्डांवर हरीण आडवं उभं राहिलं आणि सेफ्टी (चुकून सुटू नये म्हणून असलेला खटका) सरकेचना! हरीण गेलं, त्याचं एवढं नाही. पण ताणलेला क्रॉसबो हातात आणि तो सोडता येत नाही, याने छातीत धडधडायला लागलं. बोल्ट (क्रॉसबोचा आखूड बाण) काढून ठेवला, ट्रिगरचा भाग दहा मिनिटं उघड्या तळहाताने धरला, तेव्हा कुठे खटका हलला. मग पुन्हा बोल्ट लावून सोबतच्या टार्गेटमध्ये सोडला. रिकामा सोडला तर लिंब (धनुष्याच्या दोन वाकणाऱ्या भुजा) फुटतात, म्हणून तो विचारही केला नाही.

रोज संध्याकाळी क्रॉसबो घरात आणून पुसतो, हीटरजवळ ठेवतो. रेलवर (बोल्ट सरकतो ती पट्टी) आणि ट्रिगरमध्येही ल्यूब म्हणजे वंगण भरपूर घालतो. स्कोपवर (नेम धरायची दुर्बीण) सकाळी धुकं धरतं. माझं काय चुकतंय?

प्रतिसाद १
दादा, दोन्हीकडे चुकतंय. गार धातू उबदार खोलीत आला की त्याला पाणी सुटतं. ते ट्रिगरच्या आत शिरतं आणि पहाटे गोठतं. हंगामभर क्रॉसबो गॅरेजमध्येच राहू द्या. आत आणायचाच तर केसमध्ये बंद ठेवून खोलीइतका कोमट होऊ द्या, मगच उघडा आणि पूर्ण वाळवा. जास्तीचं ल्यूब थंडीत चिकट होतं. रेल पुसून, तुमच्या मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच अगदी पातळ हात द्या. ट्रिगरमध्ये घातलेलं दुकानात साफ करून घ्या, स्वतः उघडू नका. मेण फक्त दोरीच्या मोकळ्या धाग्यांना, मधल्या गुंडाळीला नाही.

प्रतिसाद २
जाड कोट आणि हातमोजे घालून आधी टार्गेटवर सराव करा. जाड हातमोज्यात अंगठा रेलच्या वर आलेला कळत नाही, आणि दोरी बोटं तोडते. लाल ठिपक्याच्या स्कोपला लिथियम बॅटरी घाला, साधी थंडीत लवकर मान टाकते. आणि लिंबांवरून कापूस फिरवून बघा, जिथे अडकेल तिथे चीर आहे.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. गॅरेजमध्ये ठेवला. कापूस फिरवला तर डाव्या लिंबाच्या टोकाशी अडकला, नखालाही लागतंय. उद्या दुकानात नेतो, तोवर ताणणार नाही.